क्वार्टरच्या कुत्रीचा चार्ज

निवृत्त झाल्यावर बाबांनी कोराडीत भाड्याने खोली घेतली, तेव्हा नात्यातल्या बायकांनी आईला आडून आडून विचारायला सुरुवात केली. नागपुरात स्वतःचा फ्लॅट, बायको धडधाकट, मुलगी त्याच शहरात नोकरीला, आणि साठीचा माणूस शहराबाहेर एकटा खोली करून राहतो म्हटल्यावर लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. एका मावशीने तर आईचा हात धरून डोळ्याला पदर लावला. आईने तिला सरळ सांगितलं की बाई नाही, कुत्री आहे. मावशीचा विश्वास बसला नाही. बाई असती तर तिला ते जास्त पटलं असतं.

आता मी हे हसत सांगते, पण त्या काळात आमच्या घरात फारसं कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या कुत्रीचं शेवटपर्यंत कुणी करायचं, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर देताना माझे आईबाप आयुष्यात पहिल्यांदा वेगळे राहिले.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर ऑपरेटर होते. आम्ही मूळचे उमरेडचे. घरी माग होता, आजोबा लुगडी विणायचे, आणि बाबा त्या घरातले पहिले नोकरदार. सगळी नोकरी त्यांनी शिफ्टमध्ये काढली. शिफ्टच्या नोकरीचा एक नियम असतो आणि तो मला पाढ्यांच्याही आधी पाठ झाला होता. आपल्या जागी येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आला की काय चालू आहे, काय बिघडलंय, कशावर नजर ठेवायची ते त्याला दाखवायचं. त्याने ठीक आहे म्हटलं की चार्ज दिला असं धरायचं आणि मग घरी यायचं. रिलीव्हर आलाच नाही, तर पुढची शिफ्टही आपलीच. लक्ष्मीपूजनाला बाबा नाहीत कारण रिलीव्हर आला नाही, यात आमच्याकडे कुणाला नवल वाटत नसे. आई चिडायची. बाबांना मात्र त्यात चिडण्यासारखं काय आहे तेच कळायचं नाही.

वीज केंद्राच्या कॉलनीत आम्ही राहायचो, आणि तिथे कुत्रा कुणी विकत आणत नसे. कुत्रा क्वार्टरसोबत यायचा. बदली झाली, बढती झाली, कुणी निवृत्त झालं, की जाणारी बाई येणाऱ्या बाईला चहा पाजून सगळं घर दाखवायची: हा नळ उलटा फिरवायचा, हे शेवग्याचं झाड, शेंगा शेजारच्यांनाही द्याव्या लागतात, ही खिडकी पावसाळ्यात फुगते, आणि हा कुत्रा, सकाळी पोळी खातो, संध्याकाळी जे असेल ते. येणारी बाई मान डोलवायची आणि संध्याकाळी कुत्र्याच्या ताटलीत नव्या घरचा वरणभात पडायचा. कुत्र्यांना नावं नसायची. पोरं त्यांना क्वार्टरच्या नंबरावरून ओळखायची. एखादा खोडकर निघाला तर तक्रारही तशीच यायची, अमक्या नंबरच्या कुत्र्याने चप्पल नेली म्हणून. कुत्र्याचा मालक कोण, असं विचारलं असतं तर आमच्या कॉलनीत कुणाला तो प्रश्नच समजला नसता.

बाबांना मोठं क्वार्टर मिळालं तेव्हा ही कुत्री तिथे होतीच. जेमतेम वर्षाची, तांबूस रंगाची, एक कान फाटलेला. आधीच्या बाईंनी आईला तिचं खाणंपिणं समजावून सांगितलं. बाबा तेव्हा दारात उभे होते. ते म्हणाले, चार्ज घेतला. सगळे हसले. मला वाटतं बाबा तेव्हाही हसत नव्हते.

ती मायाळू वगैरे अजिबात नव्हती, हे मला आधीच सांगून टाकायचं आहे. कुत्र्यांबद्दल लिहिणारे लोक त्यांच्या डोळ्यांतल्या प्रेमाबद्दल फार लिहितात. हिच्या डोळ्यांत मला भूक, झोप आणि संशय याखेरीज काही दिसलं नाही. खायची आणि आमच्याकडे पाठ करून बसायची. अंगावरून हात फिरवलेला तिला चालत नसे. उंबऱ्याच्या आत तिला यायचं नव्हतं आणि आईलाही ती आत नको होती, त्यामुळे दोघींचं बरं चाललं होतं. अंगणात पडून राहायची, वीज केंद्राच्या राखेचा थर अंगावर बसून बसून तिचा रंगही बदलला होता. बाबा शिफ्टवरून आले की फाटकापर्यंत जायची, त्यांना पाहून परत फिरायची, जागेवर येऊन पडायची. बाबा एवढंच म्हणत, "ये वं." तिचं काही नाव होतं म्हणायचं तर तेच.

बाबांची निवृत्ती जवळ आली तशी आमची ओळ रिकामी व्हायला लागली. ती क्वार्टर्स फार जुनी झाली होती, आता पुढे कुणाला द्यायची नाहीत असं ठरलं होतं. ही बातमी सगळ्यांना माहीत होती. तरी सगळ्यांनी आपापला कुत्रा नेहमीच्या पद्धतीनेच मागे ठेवला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. इतक्या वर्षांची सवय होती की पुढचा येतो, तो पाहून घेतो. जाताना लोक कुत्र्याच्या ताटलीत चार पोळ्या जास्त टाकून गेले. आणि पुढचा आलाच नाही.

त्या कुत्र्यांचं काय झालं ते बाबांनी रोज पाहिलं. आधी काही दिवस प्रत्येक कुत्रा आपापल्या बंद फाटकासमोर वेळेवर येऊन बसायचा. मग वेळ चुकायला लागली. मग ते आमच्या फाटकाशी यायला लागले, आणि आमची ही त्यांच्यावर धावून जायची. आई होईल तेवढं घालायची, पण एका घरच्या पोळ्या एका ओळीला कशा पुरणार? काही कुत्रे चहाच्या टपऱ्यांकडे सरकले. दोघे कोळशाच्या ट्रकखाली गेले. एक काळा, पार म्हातारा होता. तो शेवटपर्यंत आपल्या पायरीवरून हलला नाही आणि तिथेच संपला. तो गेला त्या दिवशी बाबा घरी येऊन पंखा न लावता बसून राहिले. मी त्या दिवशी तिकडे गेले होते म्हणून मला माहीत आहे.

म्हणूनच निवृत्त होऊन फ्लॅटवर राहायला जायचं झालं तेव्हा बाबा म्हणाले, तिला घेऊन जाऊ. जरीपटक्याच्या बाजूला आमचा फ्लॅट, तिसरा मजला. सामान हलवल्यावर दुसऱ्या दिवशी बाबांनी आणि मी तिला रिक्षात घालून आणलं. तिने रस्ताभर तोंड बाबांच्या बगलेत खुपसून ठेवलं होतं. जिन्यापाशी ती बसली ती बसलीच. शेवटी बाबांनी तिला उचलून वर नेलं, आणि त्या वयात तीन मजले ओझं चढून आल्यावर त्यांचा श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला.

आमच्या लक्षात न आलेली गोष्ट अगदी साधी होती. क्वार्टरला अंगण होतं, मागे मोकळी जागा होती. फ्लॅटला फक्त आत असतं. जी कुत्री सगळा जन्म उंबऱ्याबाहेर राहिली तिला बसायला जागाच नव्हती. ती दाराकडे तोंड करून कोपऱ्यात उभी राहायची. बसत नव्हती. आईने, जिने तिला कधी आत घेतलं नव्हतं, स्वतः जुनी चादर अंथरून दिली, देवघराचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, बस आता. ती चादरीच्या बाजूला उभी राहिली.

त्याहून वाईट म्हणजे ती लघवीला बसेना. मातीची सवय. बाबा तिला उचलून खाली न्यायचे, तर खाली सिमेंट, पुढे बाजार, स्कूटर, हातगाड्या, आणि त्या गल्लीतले कुत्रे. ही त्यांच्या हद्दीत आलेली परकी म्हातारी. एकदा तिघांनी तिला घेरलं, बाबा मध्ये पडले, आणि त्यांच्याच पोटरीला दात लागले. मग इंजेक्शनं घेणं आलं. सोसायटीतल्या एका गृहस्थाने बाबांना जिन्यात गाठून समजावलं की पाळायचाच असेल तर एखादं चांगल्या जातीचं पिल्लू आणा, लहानपणापासून शिकवता येतं. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मी असते तर ऐकलं नसतं.

आठवडाभरात तिच्या लघवीतून रक्त यायला लागलं. मी आणि बाबा तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी तपासलं, औषध दिलं, मग विचारलं, ही आधी कुठे राहायची. बाबांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, शिकेलही हळूहळू, पण वय झालंय, आणि ही लघवी धरून ठेवते. जमत असेल तर हिला हिच्या जागी राहू द्या. मी मनात म्हटलं, बाई, तिची जागाच तर उरली नाही.

तरी बाबांनी तिला परत नेलं. क्वार्टरला कुलूप होतं, पण अंगण मोकळं होतं. तिला खाली ठेवल्याबरोबर ती कडुनिंबाखाली गेली आणि इतका वेळ लघवी करत राहिली की बाबांना डोळे पुसावे लागले. हे त्यांनीच मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही.

त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी डबा घेऊन कोराडीची बस धरायला लागले. पोळ्या, वरण, औषधाची गोळी, पाण्याची बाटली. दुपारी परत यायचे, संध्याकाळी पुन्हा जायचे. आईला वाटलं चार दिवस करतील आणि थकतील. ते थकले, पण थांबले नाहीत. एका रविवारी मी त्यांना जरा तापूनच विचारलं की हे किती दिवस चालणार. मला खरंच राग आला होता. माझ्या ऑफिसातली माणसं निवृत्त झाल्यावर सकाळी फिरायला जातात, नातवंडांना शाळेत सोडतात, तीर्थयात्रा करतात. माझे बाबा एका कुत्रीसाठी एखाद्या शिकाऊ पोरासारखे बसला लटकत होते.

"रिलीव्हर नाही आला," बाबा म्हणाले. "मी काय करू?"

ते गंमत करत नव्हते.

मे महिना आला. नागपूरचा मे काय असतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको, आणि न राहणाऱ्याला सांगून कळत नाही. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, सुरू झाला त्या आठवड्यात बाबा दुपारच्या बससाठी उभे असताना चक्कर येऊन खाली बसले. पानठेलेवाल्याने डोक्यावर पाणी ओतलं, खिशातल्या फोनवरून मला फोन केला. रक्तदाब भलताच वाढला होता. डॉक्टरांनी उन्हात बाहेर पडायला साफ मनाई केली.

बाबा पलंगावर होते तेवढे दिवस डबा घेऊन मी गेले. ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर. माझं तिच्यावर प्रेम नव्हतं. ती मला पाहून उठायचीही नाही, डबा ठेवून मी दूर गेल्यावर खायची. तोंडाला ओढणी बांधून, हातमोजे चढवून, गाडी चालवत जाताना मी तिला मनातल्या मनात शिव्या घालायचे. तरी नाही गेले असं एकदाही झालं नाही, कारण न जाण्याचा अर्थ काय होतो ते मी त्या पायरीवरच्या काळ्या कुत्र्यामुळे ओळखून होते. आपण नाही गेलो तर दुसरं कुणी जाणार नाही, एवढं एकदा कळलं की मग आवडनिवड उरत नाही.

आता काहीतरी ठरवायला हवं होतं. उमरेडहून काकांचा निरोप आला की आमच्याकडे सोडा, घरामागे जागा आहे, बांधून ठेवू. बाबा म्हणाले, ती कधी बांधलेली नाही. मी कुत्र्यांना आसरा देणाऱ्या दोन ठिकाणी फोन केले. ती माणसं भली होती, पण त्यांच्याकडे आधीच इतकी जनावरं होती की म्हातारी आणि आजारी कुत्री घ्या म्हणताना मलाच लाज वाटली. तेव्हा बाबांनी कुणाला न विचारता खोली पाहून ठेवली. आमच्या ओळीच्या मागे कॉलनीची भिंत, भिंतीपलीकडे गाव, आणि गावातलं अगदी कडेचं घर. एक खोली, वर पत्रा, पुढे मातीचं अंगण. भिंत एके जागी ढासळलेली होती आणि कुत्री तिथून अलीकडे-पलीकडे करायची. तिची जागाही सुटणार नव्हती.

बाबांनी हे जेवताना सांगितलं. आईने ताट सरकवलं.

"जन्मभर मी या माणसाची वाट पाह्यली," ती मला म्हणाली, बाबांकडे न पाहता. "आता बी वाटच पाहू का? मी बी म्हातारी होऊन राहिली. माह्याकडे कोण पाहीन?"

बाबांनी भात कालवला. मग म्हणाले, "तुले पोरगी आहे, बहिणी आहेत, शेजारपाजार आहे. तिले मीच आहो."

आई उठून आत गेली. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. आईचं म्हणणं काही खोटं नव्हतं. तिने ज्या माणसासाठी इतक्या संध्याकाळी काढल्या तो आता कुठे तिच्या वाट्याला आला होता, आणि तोही चालला होता, कुत्रीसाठी. पण बाबांना अडवायचं तर कुत्रीचं काय करायचं, हे आईलाही सुचलं नाही, म्हणून ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाबांची सतरंजी, एक पातेलं, तवा आणि रक्तदाबाच्या गोळ्या बांधून दिल्या. महिनाभर मात्र ती त्यांच्याशी फोनवर बोलली नाही. मी मध्ये निरोप्या.

बाबा तिथे राहिले. जुना कूलर मी नेऊन दिला, त्याची टाकी भरायला घरमालकाच्या विहिरीवरून पाणी आणावं लागायचं. कूलरचा वारा कुणी घ्यायचा यावर त्या खोलीत रोज वाद असणार, कारण कूलर दाराकडे तोंड करून ठेवलेला असे आणि दाराबाहेर ती पडलेली असे. बाबा आत, घामाने निथळत. मी म्हटलं, तिला आत घ्या आणि दार लावा. म्हणाले, येत नाही ती. मी म्हटलं, मग कूलर आत फिरवा. ते बादली घेऊन विहिरीवर गेले.

मी शनिवारी जायचे. पहिल्या पावसाळ्यानंतर आईही यायला लागली. आधी डबा द्यायच्या निमित्ताने, मग निमित्ताशिवाय. अंगणात खाट टाकून बसायची आणि कुत्रीला बोलायची, बाबांना नाही. तुझ्यापायी माझा संसार मोडला बघ, असं काहीतरी. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एकदा मात्र मी पाहिलं, आई तिच्या कानातले गोचीड चिमट्याने काढून रॉकेलच्या वाटीत टाकत होती आणि ती, जिने कुणाला अंगाला हात लावू दिला नाही, डोळे मिटून पडली होती. तो काही प्रेमाचा प्रसंग नव्हता. तिच्यात आता उठून जाण्याची ताकद उरली नव्हती.

दुसऱ्या पावसाळ्यात तिचे मागचे पाय गेले. पुढच्या पायांवर घसटत ती भिंतीच्या खिंडारापर्यंत जायची, आणि तिथून पलीकडे जाता येत नाही म्हणून तिथेच थांबायची. मग तेही थांबलं. पुढे जे असतं ते कुणी कुत्र्याचं पिल्लू घेताना सांगत नाही. एका अंगावर पडून पडून कंबरेला जखम होते. ती धुवायची, औषध लावायचं, माशा बसू द्यायच्या नाहीत, दर थोड्या वेळाने कूस बदलायची. खालचं पोतं ओलं होतं, ते बदलायचं, धुवायचं, वाळवायचं, आणि ते पावसाळ्यात वाळत नाही. वास हाताचा जात नाही. कूस बदलताना दुखलं की ती चावायची. आता दात नव्हते फारसे, पण चावायची. बाबा म्हणायचे, चाव वं, आणि कूस बदलायचे. ते स्वतः वाळत चालले होते. दाढी वाढली होती, जेवण एका वेळेवर आलं होतं. त्यांना कुठे लग्नाला नेता येत नव्हतं, दवाखान्यात दाखवायला न्यायचं तर मी येईपर्यंत थांबावं लागायचं. कुत्री मरते की बाबा, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो झटकला, असं लिहायला मला आवडलं असतं. मी झटकला नाही. मी तो पुष्कळदा केला.

डॉक्टरीणबाई एकदा स्वतः येऊन पाहून गेल्या. त्यांनी तिला कायमचं झोपवण्याच्या इंजेक्शनचा विषय काढला, अगदी जपून. तिला त्रास होणार नाही, म्हणाल्या. बाबांनी सगळं ऐकलं, दोन-तीन प्रश्न विचारले, आणि सांगितलं की ती अजून जेवते आहे, जेवण सोडलं की मी फोन करीन. मला वाटलं ते टाळताहेत. पण ते टाळत नव्हते. त्यांनी डॉक्टरीणबाईंचा नंबर भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला होता, मालक ओरडेल हे माहीत असूनही.

थंडी पडायला लागल्यावर तिने जेवण सोडलं. शुक्रवारी बाबांचा फोन आला. डॉक्टरीणबाई बाहेरगावी होत्या, रविवारी येते म्हणाल्या. रविवारी सकाळी मी पहिल्या बसने निघाले. पोचले तेव्हा बाबा अंगणात उभे होते, हातात दुधाची पिशवी, अजून न फोडलेली. तिच्या अंगावर बाबांचं स्वेटर होतं. ते दूध आणायला गेले तेवढ्यात ती गेली होती.

घराच्या मालकाने काही न बोलता फावडं दिलं. अंगणाच्या टोकाला खड्डा केला. माती कडक होती, बाबांना दम लागला तेव्हा मी खणलं. मीठ टाकलं. बाबांनी तिला स्वेटरसकट ठेवलं. पोतं विहिरीवर धुवायला घेतलं, मग आता धुवायची गरज नाही हे लक्षात आल्यावर तसंच ओलं बाजूला ठेवलं. आईला मी फोन केला. ती म्हणाली, त्यांना काही खायला घाल.

मी चहा केला. त्याच दुधाचा. बाबा उंबऱ्यावर बसले होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की तुम्ही तिचं खूप केलं, कुणी एवढं करत नाही, तिचा शेवट चांगला झाला. अशा वेळी लोक जे म्हणतात ते सगळं म्हटलं. बाबांनी कप खाली ठेवला.

"दूध घेऊन आलो," ते म्हणाले. "पाह्यलं तर ते गेली होती. अन् पहिले मनात काय आलं, माहीत आहे तुले? आता घरी जाता येते. मले एकदम मोकळं वाटलं, बेटा."

मी म्हटलं, बाबा, त्यात काही चूक नाही. इतके दिवस तुम्ही सोसलं, कुणालाही असंच वाटलं असतं. मला ते मनापासून वाटत होतं. मलाही बसमधून उतरून त्यांच्या हातातली न फोडलेली पिशवी पाहिली तेव्हा आधी तेच वाटलं होतं.

बाबांनी मान हलवली. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आजोबा गेले तेव्हाही नाही. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"चूक नाही, मले समजते," ते म्हणाले. "पण साऱ्या दुनियेत तिचा मी एकटाच होतो. अन् ते मेली तं मीच खुश झालो."

चहा तसाच राहिला. थोड्या वेळाने बाबा उठले, सतरंजी गुंडाळली, तवा-पातेलं पिशवीत घातलं, भिंतीवरचा नंबर ओल्या फडक्याने पुसला. मी कूलरची वायर गुंडाळली. मग त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली द्यायला मालकाच्या दाराशी गेले.